शुद्ध वाण

भाद्रपदातील दुपार कलू लागली, म्हणजे जालना जिल्ह्यातील कपाशीच्या बीजप्लॉटवर बायका ओळी धरतात. उद्या सकाळी उमलणारी कळी नेमकी कोणती, हे त्यांना नुसत्या फुगीरपणावरून कळते. अंगठ्याचे नख बुडाशी टेकवून त्या पाकळ्या आणि पुंकेसर असा दोहोंचा वेढा एका वळशात सोलून काढतात, आतील स्त्रीकेसराला ओरखडाही येऊ देत नाहीत, आणि सोललेल्या कळीवर रंगीत कागदाची खूण अडकवून पुढच्या झाडाकडे सरकतात. दुसऱ्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी नराच्या ओळीतील फूल खुडून आणायचे, त्याचे पराग त्या उघड्या केसरावर हलक्या हाताने फिरवायचे, आणि मग ते बोंड पिकेपर्यंत त्याची पोटच्या पोरासारखी राखण करायची. या कामाला आमच्याकडे ‘क्रॉसिंगला जाणे’ म्हणतात. ज्या बाईने शाळेचा उंबरा ओलांडलेला नाही तिलाही एवढे पक्के ठाऊक असते की, नर-मादीचे दोन्ही वाण शुद्ध असतील तरच संकर साधतो, आणि भेसळ झाड ओळीत दिसताच ते उपटून बांधावर फेकावे लागते.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको कंपनी काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि कुंडलिकेच्या काठचा हा कसबा देशभर बियाण्यांचे गाव म्हणून ओळखला जाऊ लागला. तेव्हा ‘शुद्ध वाण’ हा शब्द आमच्या कानांना नवा नाही. मला तो नव्याने ऐकू आला तो अगदी निराळ्या ठिकाणी. परळच्या एका प्रयोगशाळेत, कपाशीच्या नव्हे तर उंदरांच्या शुद्ध वाणावर, कर्करोगाचे मूळ शोधण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविलेल्या डॉ. कमल रणदिवे यांच्या कामाची माहिती वाचीत असताना तो माझ्यासमोर आला. कमलाबाईंचा जालन्याशी जन्माचा संबंध नाही. त्या पुण्याच्या. परंतु त्यांच्या संशोधनाचा धागा धरून चालू लागले की तो पुणे, मुंबई, बाल्टिमोर असा फिरत फिरत अखेर मराठवाड्यातल्या खेड्यांत येऊन पोहोचतो. म्हणून जालन्याच्या माणसाने हा लेख लिहावा, यात मला अनाठायी असे काही वाटत नाही.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव कमल समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींच्या शिक्षणाविषयी त्या काळच्या सुशिक्षित घरांतूनही जी टाळाटाळ चाले, ती या घरात नव्हती. हुजूरपागेतून कमल शालान्त झाली, फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन विशेष प्रावीण्याने पदवीधर झाली. मुलीने वैद्यकशास्त्र शिकावे आणि एखाद्या डॉक्टराशी लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने या दोन्ही गोष्टी नाकारल्या, आणि त्यावरून घर सोडण्याची किंवा अन्नत्याग करण्याची वेळ कोणावर आली नाही. १३ मे १९३९ रोजी गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने पदव्युत्तर अभ्यासात पत्नीला मनापासून साहाय्य केले, अशी नोंद आढळते. अशी नोंद मुद्दाम करावी लागते, यावरून तिचा दुर्मीळपणा वाचकाने ओळखावा.

१९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम्.एस्सी. पदवी मिळविली, आणि त्यासाठी निवडलेला विषय होता ॲनोनेसी या वनस्पतिकुलाची पेशी-आनुवंशिकी. हे भारदस्त नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुमारास डोंगरपट्ट्यातून टोपल्या भरभरून जे सीताफळ आमच्या बाजारात येते, आणि माघ-फाल्गुनात जे रामफळ येते, त्यांचेच हे कुल. मुळाचे किंवा कळीचे कोवळे टोक घ्यायचे, त्यातील पेशी विभागण्याच्या ऐन क्षणी औषधात गोठवायच्या, रंग द्यायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून केंद्रकातील गुणसूत्रे मोजायची, असे ते काम. सीताफळाच्या पेशीत ती १४ भरतात. या मोजदादीची गंमत अशी की, ज्या सुमारास पुण्यात सीताफळाची गुणसूत्रे अचूक मोजली जात होती, त्या सुमारास जगातील यच्चयावत पाठ्यपुस्तके माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असल्याचे छापीत होती. ती ४६ आहेत, हे टिओ आणि लेव्हान या दोघांनी १९५६ साली दाखवून दिले. स्वतःच्या देहापेक्षा झाडाविषयी माणसाला अधिक खात्रीचे ज्ञान असावे, यात कृषिप्रधान मनाला सुखावणारे काहीतरी आहे खरे. आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए होय, हेही १९४३ साली सिद्ध झालेले नव्हते. ॲव्हरी यांचा तो प्रसिद्ध निबंध पुढच्या वर्षीचा, आणि त्या रेणूच्या दुहेरी गोफाचा उलगडा त्यानंतरही नऊ वर्षांनी झाला. कमलाबाईंनी ज्या शास्त्रात पाऊल टाकले त्याला रेणवीय जीवशास्त्र हे नाव तेव्हा जेमतेम मिळू लागले होते. आमच्याकडे तर त्या वेळी निजामी अंमल होता, तालुक्याचे दप्तर उर्दूतून चाले, आणि जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. तो स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला.

मुंबईस आल्यावर कमलाबाई टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या, आणि तेथे त्यांना गुरू लाभले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असे ज्यांना सार्थपणे म्हणतात ते खानोलकर १९४१ साली, रुग्णालय उघडले त्याच वर्षी, तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून रुजू झाले होते. या गृहस्थांची नजर मोठी मर्मग्राही होती. रोग्याच्या गाठीचा तुकडा काचपट्टीवर पाहून ते थांबत नसत. तो रोगी कुठला, काय खातो, काय नेसतो, विडी कशी ओढतो, हेही विचारीत. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी चालीरीतींतून उद्भवणारे तीन प्रकारचे कर्करोग वर्णिले. चिरुटाचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या आंध्रातील लोकांच्या टाळूचा, खैनीची गोळी ओठाआड ठेवणाऱ्यांच्या ओठाचा, आणि तिसरा धोतराचा.

धोतराचा कर्करोग म्हणजे काय, हे समजायला मला शास्त्रीय निबंधाची गरज पडली नाही. माझ्या आजीच्या कमरेभोवती लुगड्याच्या गाठीने पडलेला, बोटभर रुंदीचा काळपट, खरखरीत पट्टा मी लहानपणी तिला पाणी घालताना पाहिलेला आहे. उन्हाळ्यात त्यावर घाम साचून चिरा पडत आणि ती त्यांना खोबरेल लावी. तिचा पट्टा जन्मभर पट्टाच राहिला. सगळ्यांचाच राहतो असे नाही. वर्षानुवर्षे तीच जागा घासली गेली, जखम होऊन भरून पुन्हा उघडली, तर क्वचित तेथील पेशी मर्यादा सोडतात. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा ‘परकराचा कर्करोग’ म्हणून ती वृत्तपत्रांतून गाजली. त्यांतील एक बाई जन्मभर लुगडे नेसणारी होती. खानोलकरांनी हे जवळजवळ ऐंशी वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते, याची आठवण त्या वेळी फार थोड्यांना झाली. उपाय मात्र तेव्हाही तोच होता आणि आताही तोच आहे: गाठ सैल बांधावी, तिची जागा बदलत राहावी, आणि महिन्याभरात न भरणारी जखम डॉक्टरास दाखवावी.

अशा गुरूच्या हाताखाली कमलाबाईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच्.डी. मिळविली. त्यांचा विषय स्तनांचा कर्करोग, आणि साधन उंदीर. येथे वाणाची गोष्ट पुन्हा येते. भाऊ आणि बहीण यांचे जोडपे लावायचे, त्यांच्या पिलांतून पुन्हा भाऊ-बहीण निवडायचे, आणि हा क्रम निदान वीस पिढ्या अखंड चालवायचा. तेव्हा कुठे अशी जमात तयार होते की जिच्यातील प्रत्येक उंदीर आनुवंशिक दृष्ट्या दुसऱ्याची प्रत असतो. उंदीर तीन आठवड्यांत वितो, म्हणून हे काम माणसाच्या आयुष्यात मावते. तरी त्यासाठी लागणारा धीर, दैनंदिन नोंदींचा काटेकोरपणा, आणि एका पिंजऱ्यातील पिलू चुकून दुसऱ्यात न जाऊ देण्याची जागरूकता ही बीजप्लॉट राखणाऱ्यालाच पुरती उमगेल. परदेशी वाणांच्या जोडीला मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याच केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा, स्तनार्बुदाचे प्रमाण जास्त असलेला उंदरांचा एक वाण तयार झाला.

अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ साली एक चमत्कारिक गोष्ट दाखविली होती. ज्या वाणातील माद्यांना हटकून स्तनार्बुद होते त्या वाणाची पिले जन्मतःच उचलून निरोगी वाणाच्या आईला पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांच्यातील रोगाचे प्रमाण एकदम घटते. म्हणजे दोष रक्तात असतो तसा दुधातही होता. हा ‘दुधातला घटक’ पुढे विषाणू निघाला. परंतु विषाणू अंगात असूनही प्रत्येक मादीला गाठ होत नाही. ती विते की नाही, तिच्या अंडाशयाचे स्राव किती काळ कार्य करतात, आणि तिचा आनुवंशिक वाण कोणता, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. वाण, संप्रेरक आणि विषाणू यांच्या या त्रिकुटाकडे आरंभीच्या काळातच ज्यांचे लक्ष गेले त्यांत कमलाबाईंची गणना होते. एका कारणाने एक रोग, ही जंतुशास्त्राने लावलेली सवय मोडून, अनेक कारणांच्या संगनमताने होणारा रोग अशी कर्करोगाची कल्पना रुजविण्यात हे काम कारणी लागले.

या विषाणूचे पुढचे चरित्रही ऐकण्यासारखे आहे. तो आपली आनुवंशिक लिपी आरएनएमध्ये लिहितो आणि पेशीत शिरल्यावर तिचे उलट लेखन करून डीएनए बनवितो. अशा उलट्या लेखनाचा शोध १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर या दोघांनी स्वतंत्रपणे लावला. तो डीएनए पेशीच्या गुणसूत्रात कोठेही घुसतो, आणि ज्या जनुकाच्या शेजारी घुसेल त्याला नको तेवढे जागे करतो. १९८२ साली नुसे आणि वार्मस यांनी याच उंदरांच्या गाठींत एक असे शेजारचे जनुक पकडले. त्या जनुकाच्या कुटुंबाचा अभ्यास हे आज कर्करोगविज्ञानाचे एक मोठे दालन आहे. माणसातही असाच विषाणू असेल या आशेने १९७१ साली मुंबईतील पारशी स्त्रियांच्या दुधाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, कारण त्या समाजात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे मुंबईच्या डॉक्टरांना ठाऊक होते. ‘नेचर’मधील त्या निबंधावर मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांचेही नाव आहे. विषाणूसारखे कण दिसले, जगभर खळबळ उडाली, परंतु ते कण माणसातील रोगाचे कारण असल्याचे सिद्ध झाले नाही. संशोधनाच्या जमाखर्चात असे पान असतेच, आणि ते फाडून टाकू नये.

पीएच्.डी. झाल्यावर खानोलकरांनी कमलाबाईंना परदेशी शिष्यवृत्ती मिळविण्याचा आग्रह केला, आणि त्या बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकण्यास गेल्या. देहातून काढलेली पेशी देहाबाहेर काचेच्या नळीत जगवायची, वाढवायची, ही ती विद्या. आज बाटलीत तयार द्रव मिळतो. तेव्हा तसे काही नव्हते. कोंबडीच्या रक्तातील द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क, आणि बाळंतपणाच्या खोलीतून आणलेले नाळेचे रक्त यांचे मिश्रण करून पेशींना खाऊ घालीत. गाय हे हाताने यंत्रे जुळविणारे कारागीर होते. त्यांनी एक पिंप तयार केले होते. त्याला भोके पाडून त्यांत पेशींच्या नळ्या आडव्या बसवीत, आणि ते पिंप अहोरात्र अगदी संथ गतीने, तासाला एखाद-दुसरा फेरा अशा बेताने फिरत राही. फेऱ्याच्या अर्ध्या भागात पेशी रसात बुडे, अर्ध्या भागात वाऱ्यावर येई. आईने बाळाला मांडीवर झुलवावे तशी ही तऱ्हा. परंतु एखादी नळी नीट धुतली गेली नाही, एखादा जंतू आत शिरला, की महिन्याची मेहनत रात्रीत नासे.

याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी पोहोचल्या. तोपर्यंत नळीतील मानवी पेशी काही दिवसांत मरत. या मेल्या नाहीत. त्या दुपटीने वाढत राहिल्या, जगभर वाटल्या गेल्या, आणि ‘हेला’ या नावाने आजही जिवंत आहेत. लॅक्सबाई मात्र त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारल्या. आपल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी घेतला आहे, हे त्यांना कोणी विचारले नव्हते की सांगितले नव्हते. ही गोष्ट येथे नमूद करून ठेवतो, कारण ती पुढे पुन्हा आडवी येणार आहे.

कमलाबाई परत आल्या. हे वाक्य लहान आहे. त्याचे वजन लहान नाही. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू होऊन त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील अशा प्रकारची ही पहिली प्रयोगशाळा मानली जाते. परदेशातून रसायने मागवायची तर परवाने, परकी चलन, जकात यांचा फेरा. म्हणून १९६० नंतरच्या वर्षांत जीवशास्त्र व रसायनशास्त्र शिकलेले सहायक हाताशी धरून पेशींच्या पोषणाचे द्रव आणि लागणारी अभिकर्मके त्यांनी येथेच बनविली. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारविज्ञान यांचे नवे विभाग सुरू केले. परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांना मायदेशी परतायला लावण्यातही त्यांचा वाटा मोठा होता. १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचे पहिले रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक, सुवर्णपदक आणि १५,००० रुपये, त्यांना मिळाले. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधनसंस्था अणुऊर्जा खात्याखाली टाटा स्मारक केंद्र म्हणून एकत्र आली, त्या वर्षापासून १९७० पर्यंत त्या संशोधन केंद्राच्या हंगामी संचालिका होत्या. हंगामी, आणि चार वर्षे! आमच्या शेतीत एवढे लांब हंगाम नसतात.

त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक निबंध आहेत. त्यांतील एका वेगळ्या वाटेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ती म्हणजे महारोगाची. चं. वि. बापट आणि खानोलकर यांच्यासह कमलाबाईंनी १९५८ साली महारोग्याच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. खरा महारोगाचा जंतू अद्यापि कोणत्याही नळीत वाढत नाही, आणि हा जंतूही तो नव्हता, त्याचा दूरचा भाऊबंद होता, हे पुढील अभ्यासात ठरले. परंतु चुकलेल्या वाटेवरही पाणी लागते ते असे. त्या जंतूपासून पुढे डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लस तयार केली. तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात सुमारे १,७१,४०० माणसांवर विविध लसींची तुलना झाली, आणि १९९८ साली निकाल आला तेव्हा या मुंबईच्या लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. बीसीजीचे प्रमाण ३४.१ टक्के होते. तोवर बहुविध औषधोपचाराने महारोगाचा जोर पुष्कळ ओसरलेला होता, आणि ही लस घरोघर पोहोचण्याचा योग काही आला नाही. कर्करोगाच्या संस्थेत महारोगाचा अभ्यास कशाला, असा आक्षेप आजच्या अर्थसाहाय्याच्या अर्जांच्या युगात कोणीतरी नक्की घेतला असता.

१९७३ साली कमलाबाईंनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. या संघटनेच्या वाशीच्या वास्तूत नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. प्रयोगशाळेत संध्याकाळी सहा वाजता नळ्या बदलायच्या असतात आणि मूल पाच वाजता शाळेतून येते, ही अडचण ज्यांनी भोगली त्यांनीच हा उपाय शोधला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या परदेशवारी करीत बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूर भागात, सत्यनिकेतन संस्थेच्या आश्रयाने आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करणे आणि गावातील बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकविणे, हे काम त्यांनी अंगावर घेतले. ११ एप्रिल २००१ रोजी त्या निवर्तल्या. पुढे वीस वर्षांनी, त्यांच्या जन्मदिवशी, गुगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले, आणि पुष्कळ मराठी मुलांना हे नाव प्रथम कळले.

आता मराठवाड्यापर्यंत येणारा तो धागा. हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी का मेल्या नाहीत, याचा उलगडा १९८० च्या दशकात जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेत झाला. त्या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूच्या अठराव्या प्रकाराचे तुकडे गुणसूत्रांत रुतून बसलेले आढळले. पेशीला वाढीपासून रोखणारी, बिघाड झाल्यास मरायला लावणारी जी प्रथिने असतात, त्यांनाच हा विषाणू जायबंदी करतो. म्हणजे चोर घरात शिरून प्रथम चौकीदाराचे हातपाय बांधतो तसे. २००८ साली त्सुर हाउसेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा कारण हाती आले की चाचणी करता येते: गर्भाशयमुखावरून घेतलेल्या नमुन्यात या विषाणूचा डीएनए आहे की नाही, एवढेच पाहायचे.

ही चाचणी खरोखर प्राण वाचविते का, याची कसोटी न्यूयॉर्क-लंडनात नव्हे, आमच्या मराठवाड्यात लागली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ सालापासून ग्रामीण भागातील कर्करोग्यांची गावोगाव फिरून खानेसुमारी चालविली होती. तो अनुभव गाठीशी घेऊन, टाटा स्मारक केंद्र आणि लियॉनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साहाय्याने, १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यांचे ५२ गट पाडून, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. सोयाबीन-तुरीच्या रानांतून जीप जायची, शाळेच्या खोलीत पडदा बांधला जायचा, आणि जन्मात कोणा डॉक्टरापुढे अशा तपासणीला न गेलेल्या बाया, शेजारणीचा हात धरून, रांगेत उभ्या राहायच्या. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या ३४,१२६ स्त्रियांत आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्यांची तपासणी झाली नाही अशा ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले.

त्या चौसष्ट बायांचे काय, हा प्रश्न निकाल वाचताच कोणाच्याही मनात उभा राहावा, आणि तो राहिला. तपासणीने प्राण वाचतात हे पाश्चात्त्य देशांत ठाऊक असताना तुलनेसाठी एक गट बिनतपासणीचा का ठेवला, अशी कठोर टीका पुढे झाली. संशोधकांचे उत्तर असे की, तेव्हा देशात कोठेही अशी नियमित तपासणी नव्हती, आणि त्या स्त्रियांनाही रोगाची व तपासणीच्या सोयीची माहिती दिली होती. हे उत्तर पुरते खोटे नाही आणि पुरते समाधानकारकही नाही, असे माझे मत आहे. लॅक्सबाईंना कोणी विचारले नाही. आमच्या बायांना विचारले, सह्या-अंगठे घेतले. तरी विचारणारा कोण आणि होकार देणारी कोण, यांतील अंतर कागदावर मिटत नाही. मात्र त्या चौसष्टांच्या मृत्यूमुळे जे निर्विवाद कळले, ते न वापरणे हा त्याहून मोठा गुन्हा ठरेल.

जालन्याच्या स्थानकावर रात्री देवगिरी एक्सप्रेस येते, तेव्हा फलाटावर हातात एक्स-रेची मोठी पाकिटे घेतलेली चार-दोन कुटुंबे नेहमी दिसतात. गावात कोणी विचारले तर एवढेच सांगतात, ‘टाटाला नेलंय’. रोगाचे नाव उच्चारीत नाहीत. रुग्णालयाचे नाव हेच रोगाचे नाव होऊन बसले आहे. आता छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय असल्याने कित्येकांची मुंबईची खेप वाचते, परंतु बहुतेक जण पोहोचतात ते उशिराच. पुरुष तोंडाची गाठ घेऊन, कारण २०१२ पासून गुटख्याला बंदी असली तरी तंबाखू-चुना मळणारा हात थांबलेला नाही, आणि बायका अंगावरून जाणारे पांढरे-तांबडे वर्षभर लपवून. क्रॉसिंगच्या हंगामात तर कामाचा एक दिवस बुडवून दवाखान्यात जायला कोणी धजत नाही. ज्या बाईला सोललेल्या कळीवरचा बारीकसा डाग सायंकाळच्या उजेडात दिसतो, ती स्वतःच्या देहाकडे मात्र पाहत नाही.

२०१६ सालापासून केंद्र सरकारचे धोरण असे आहे की, तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुखाची, स्तनांची आणि तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी. पुण्यात तयार झालेली पॅपिलोमा विषाणूवरील लस २०२३ पासून बाजारात आहे. ती मुलींना वयात येण्याच्या सुमारास द्यायची असते. दिवाळीला घरोघर लेकी माहेरी आलेल्या असतात, नणंदा-भावजया एकत्र असतात, फराळाच्या ताटांभोवती सगळ्या विषयांवर बोलणे होते. त्यात हाही विषय निघावा. भाऊबीज झाल्यावर अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, घनसावंगी, जाफराबाद, बदनापूर, जिथले कोणी असाल तिथले प्राथमिक आरोग्य केंद्र उघडेल. तिशी ओलांडलेल्या आपल्या घरातील बाईला तेथे घेऊन जा, आणि तपासणी कोणत्या वारी होते ते विचारा. पैसे लागत नाहीत.